मोडलेला पाडवा

जळकोटजवळच्या त्या गावात पाडव्याच्या आदल्या दिवशी घरोघर लगबग चालली होती. कुणी गुढीची काठी धुवत होतं, कुणी लिंबाचा डहाळा तोडून आणत होतं, दुकानांत साखरेच्या गाठी टांगल्या होत्या. हणमंतरावांच्या घरी मात्र यातलं काहीच नव्हतं. त्यांच्या अंगणात लातूरला जायला जीप उभी होती आणि जीपमध्ये सुनेची कपड्यांची पिशवी.

या घराचा पाडवा मोडलेला होता. पाच वर्षांपूर्वी थोरला मुलगा मल्लिकार्जुन ऐन पाडव्याच्या दिवशी मोटारसायकलवरून पडून गेला. ज्या सणाला घरचं माणूस गेलं तो सण त्या घरानं करायचा नाही, ही रीत. पुन्हा त्याच सणाला घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यात गाय व्याली, तरच सण फिटतो. गाय काही पंचांग बघून व्याली नाही. ती शहाणी. आता धाकट्या दयानंदची बायको दीपमाला गरोदर होती, आणि सुनेला गाईइतकी मोकळीक कोण देतो?

दिवस भरायला अजून महिना होता. जळकोटच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून बजावलं होतं, "बाळाचं वजन कमी आहे. पूर्ण दिवस भरू द्या." हणमंतरावांनी मान डोलावली, आणि मुहूर्त सांगितला की त्या वेळेला मूल काढून देणारा एक दवाखाना लातूरला शोधून काढला. आज भरती, उद्या सकाळी सिझर.

हणमंतराव वाईट माणूस नव्हते. इतके पाडवे त्यांनी दार लोटून काढले होते. शेजारची शरणम्मा दर पाडव्याला पुरणपोळीचं ताट आणून द्यायची, आणि ते घेताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपल्या दारात पुन्हा गुढी दिसावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण दुःखाला रीतीची साथ मिळाली की ते दुसऱ्याच्या जिवावर उठतं.

"चला, उशीर होऊन राहिला," ते पुन्हा म्हणाले.

दीपमाला दारातून हलेना. तिला बसवतही नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं. दयानंद मोबाईलमध्ये डोकं घालून उभा होता.

"आवं, तुमी तरी बोला की," ती नवऱ्याला म्हणाली.

"आप्पांनी ठरवलंय. डॉक्टर हायत की तिथं," तो मोबाईलकडं बघतच बोलला. लातूरला राहून शिकून आलेला मुलगा. वडील समोर आले की सगळं शिक्षण खुंटीला टांगायचा.

दीपमालानं मग सासऱ्यांकडेच तोंड केलं. "मामा, शेंगा भरल्याबिगर तुमी सोयाबीन कापता का? मग ह्या लेकराला कामून ओढून काढून राहिलाव? मी येनार न्हाई."

त्या घरात सासऱ्यासमोर सून कधी असं बोललीच नव्हती. हणमंतरावांचा आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "पोरी, तुला कळंना का? माझा मल्लू माघारी येनार हाय! त्याच दिशी गेला, त्याच दिशी येनार!"

त्यांची बायको सिंधुबाई इतका वेळ ओट्यावर पदर पिळत बसल्या होत्या. मल्लूचं नाव ऐकलं तशा त्या उठल्या आणि त्यांनी जीपमधली पिशवी ओढून काढली.

"मल्लू येत न्हाई. मी त्याची आई हाय, मला ठावं हाय. सण मोडला तवा मला कुनी इचारलं न्हाई. भावकीनं मनलं अन् मोडला. आता त्याच्या नावानं हे कच्चं लेकरू काढायचं? अन् ह्येबी गेलं तर?"

"मग सणाचं काय?" हणमंतरावांनी विचारलं.

"उद्या मी गुढी उभारते. पाप लागलं तर मला लागू द्या."

दुसऱ्या दिवशी सिंधुबाईंनी गुढी उभारली. हणमंतराव मारुतीच्या देवळात जाऊन बसले. पंचांगवाचन आटोपलं, माणसं पांगली, तरी उठले नाहीत. शरणम्मा नेहमीसारखी ताट घेऊन आली आणि गुढी बघून फाटकातच थबकली.

"सिंधुबाई, फिटल्याबिगर उभारली? काई वंगाळ झालं म्हंजी?"

"भ्या मलाबी हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "भेऊन लेकराला मारू का?"

त्यानंतर घराला धड जेवण गेलं नाही की झोप लागली नाही. दीपमाला खोकली तरी सगळे उठून उभे राहत. दयानंद आता तपासणीला स्वतः तिच्यासोबत जाऊ लागला. पोटात बाळ जरा वेळ हललं नाही की सिंधुबाई मनातल्या मनात मल्लूची माफी मागत. वाचकहो, रीत मोडणारी माणसं निर्भय असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. ती भीत भीतच मोडतात. बिनघोर झोपतो ते आपण, रीत पाळणारे.

पुरे दिवस भरल्यावर, भर उन्हाळ्यात, सरकारी दवाखान्यात दीपमालाला मुलगी झाली. अशी कडाडून रडली की बाहेर व्हरांड्यापर्यंत ऐकू गेलं. पाडव्यापासून बायकोशी न बोललेले हणमंतराव तिथंच येरझारा घालत होते. सिंधुबाईंनी बाळ आणून त्यांच्या हातांत दिलं. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मल्लूसारखं तिच्यात काही नव्हतं. नाकडोळे सगळे आईचे होते.

"आज कसलाच सण न्हाई," ते पुटपुटले.

"हाय की," सिंधुबाई म्हणाल्या. "आज हिचा हाय."