पळपुटी

मासळी पॅक करायच्या शेडमध्ये ती कामाला आली, त्या पहिल्याच दिवशी तिने मुकादमाला विचारलं, "काही झालं तर बाहेर पडायचं दुसरं दार कुठंय?"

"अगं, इथे सगळीकडे बर्फ. होणार काय?"

टेबलाभोवतीच्या बायका खो खो हसल्या. दुपारपर्यंत तिचं नाव पळपुटी पडलं होतं. तिने ते चालवून घेतलं.

आधी ती फटाक्यांच्या कारखान्यात होती. तिथल्या स्फोटात तिची जाऊ गेली. जाऊ सुखरूप बाहेर पडली होती, पण जेवणाचा डबा राहिला म्हणून परत आत वळली. तेव्हापासून हिच्या अंगात एकच गोष्ट मुरली होती: हातातलं टाकायचं, पळायचं, मागे वळायचं नाही. शेडच्या मागच्या दाराशी रिकाम्या क्रेटची चळत असायची. रोज सकाळी ती ही चळत बाजूला सारायची आणि संध्याकाळी कोणीतरी पुन्हा तिथेच रचायचं.

कोल्ड रूममध्ये गाडा ढकलणारा माणूस पूर्वी बोटीवर होता. सगळे त्याला खलाशीच म्हणत. त्याला तिची ही खटपट बघून हसू यायचं.

"पळपुटे, दार कसलं शोधतेस? शेजारचा माणूस बघ. वादळात मी पाण्यात पडलो तेव्हा कुठलं दार होतं? सोबत्याने कॉलर धरली म्हणून आज तुझ्यासमोर उभा आहे."

"आणि तोही पडला असता तर, दादा?"

"तर दोघं गेलो असतो. एकट्याला टाकून येणं आमच्यात बसत नाही."

कोल्ड रूम गार ठेवणाऱ्या पाइपातून अमोनिया वायूचा वास अधूनमधून यायचा. बायका नाकाला फडकं लावून काम करायच्या. तिने दोनदा तक्रार केली. "नाक फार तिखट आहे तुझं," म्हणून मुकादमाने उडवून लावलं. त्याच्या लेखी सुरक्षितता म्हणजे तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या पायात बूट.

एके दुपारी पाइपाचा सांधा फुटला. डोळ्यांत कोणी तिखट फेकावं तसं झालं. "बाहेर पडा!" एवढंच ती ओरडली, ओलं फडकं तोंडावर दाबलं आणि मागच्या दाराने निघाली. तिच्यामागून चार बायका निघाल्या. बाकीचे पुढून पळाले.

खलाशी तेव्हा पुढे ट्रक भरत होता. खोकत बाहेर येणाऱ्यांचे चेहरे त्याने भराभर पाहिले.

"पळपुटी कुठंय?"

"आली असेल रे, ती काय आत थांबणार?" मुकादम म्हणाला. "तू जाऊ नकोस!"

"दिसत नाही ना ती!" असं म्हणत त्याने रुमाल पाण्यात बुडवला, तोंडाला बांधला आणि आत शिरला.

शेडबाहेर, मागच्या भिंतीपाशी ती ओणवी होऊन ओकत होती; चौघी रस्त्याकडे पळाल्या होत्या. उघड्या दारातून त्याची हाक आली. "ए पळपुटे! कुठे आहेस?" तिने ओरडायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती हवा निघाली. ती दारापर्यंत गेली. उंबऱ्याशी तिचे पाय थांबले. हाक आणखी एकदा आली, मग नाही.

मास्क लावलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांनी त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याने प्राण सोडला.

शेड पुन्हा सुरू झाली. नवा पाइप बसला. जेवायच्या सुट्टीत तिच्याशेजारी कोणी बसेना. तिच्यामागून बाहेर पडलेल्या चौघीसुद्धा नाहीत.

ती खलाशाच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, दोरीवर त्याचा सदरा अजून वाळत होता. बायकोने तिला बसायला सांगितलं नाही.

"हाक ऐकू आली होती तुला?"

"आली."

"मग?"

"आवाज फुटेना, वहिनी. आणि आत... आत पाऊल पडेना."



"गेली असतीस तर तूही मेली असतीस. कळतं मला. त्याला थांबवणं कुणाला जमायचं नाही, तेही कळतं." बायकोने दाराची कडी हातात धरली. "पण कळलं म्हणून राग जात नाही. तू आता जा."

ती बाहेर पडली. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर आला होता, माणसं भांडी घेऊन धावत होती. त्यांच्यातून वाट काढत ती बसस्टॉपपर्यंत चालत गेली.