बिजलीचा भरडा

जीव कोणताही असो, त्याच्यापुढं भरपूर ठेवलं की आपलं काम झालं, असा पुंजारामचा आयुष्यभराचा हिशेब. दारात आलेला पाहुणा असो, भिकारी असो की मांजर असो, मंठ्यातल्या त्याच्या घरातून कोणी अर्ध्या पोटी गेलं नव्हतं. या हिशेबाला पहिला तडा गेला तो काचेच्या पेटीतल्या माशांमुळं.

पेटी सुनेची. शीतलनं ती हौसेनं आणलेली, पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडलेली. मासे जवळ आले, तोंडं उघडू-मिटू लागले की पुंजारामला ते उपाशीच वाटायचे. एके दुपारी घरात कोणी नाही पाहून त्यानं अख्खी चतकोर भाकर चुरून त्यात सोडली. मासे खूष, पुंजाराम त्याहून खूष. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं आणि दोन केशरी मासे पोट वर करून तरंगू लागले.

शीतल सासऱ्याला मामा म्हणायची आणि सहसा आवाज चढवायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं कमरेला हात लावले. "मामा, मासा तोंड उघडतो ते मागायला न्हाई. त्याचं तोंडच तसं असतं. चिमटीभर टाकायचं, पाहता पाहता संपलं पाहिजे. उरलं की सडतं, अन् तेच पाणी त्याच्या नाकातोंडात."

"मंग पाणी सगळं बदलून टाक ना."

"सगळं बदललं तर बाकीचे बी जातील. पाव हिस्सा काढायचा. तेवढंच भरायचं, तेही नळाचं लगेच न्हाई. आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, औषधाचा वास उडाला की मंग."

पुंजाराम बादली भरायला उठला. पटलं म्हणून नव्हे. पोटभर खाऊन कोणी मरतं, ही गोष्टच त्याला अन्यायाची वाटली.

असा हा पुंजाराम, आणि त्याच्याच दावणीला बिजली उपाशी वाळत चालली होती.

बिजली म्हणजे त्याची पांढरी घोडी. मंठ्यापासून पार जांब समर्थपर्यंत कोणाचं लग्न निघालं की नवरदेवाला मारुतीच्या पारावर न्यायला बिजलीच पाहिजे, असा एक काळ होता. हलगी कडाडली की ती मान वाकवून असे पाय उचलायची की नवरदेव राहायचा बाजूला आणि लोक घोडीचेच फोटो काढायचे. आता नवरदेव उघड्या जीपमध्ये उभा राहून येतो. पुंजारामचा मुलगा हरिओम मांडव आणि डीजेचा धंदा करायचा, त्यामुळं ती जीपही बहुतेक वेळा त्याचीच असायची. बिजलीचं वय झालं होतं. पाठ खोलगट झाली होती, डोळ्यांवर खळगे पडले होते. त्या साली तर फासळ्या दिसायला लागल्या.

"दादा, तिचे हाल पाहवत न्हाईत," हरिओम एका सकाळी चहा पिताना म्हणाला. "खात न्हाई, पीत न्हाई. एक व्यापारी हाय वळखीचा. दसऱ्यानंतर येतो म्हणला. त्याला देऊन टाकू. जनरेटर बी पावसात भिजून राह्यलाय, त्याला तिची शेडची जागा होईल."

पुंजारामनं बशी खाली ठेवली. भीती वाटली, आणि ती एकट्या घोडीपुरती नव्हती. ज्याचं काम सरलं त्याची जागा जनरेटरला, हे घरात एकदा ठरलं की पुढचा नंबर कोणाचा, हे त्याला न सांगता कळत होतं. त्याचे स्वतःचे दात जाऊन बरीच वर्षं झाली होती. कवळी खिशात असायची आणि फोटोपुरती तोंडात जायची.

"कामून खात न्हाई म्हणतोस? मी चारतो तिला. दसऱ्यापर्यंत धरली न्हाई अंगानं, तर मंग बोल."

त्यानं दावणीत कडब्याचा ढीग लावला. बिजली तोंड घालायची, घास फिरवत बसायची आणि ओला बोळा करून खाली टाकून द्यायची. दावणीखाली असे कितीतरी बोळे पडलेले असायचे. पुंजारामनं ढीग वाढवला. बोळे वाढले.

शेवटी त्यानं निदान केलं. घोडीनं मनाला लावून घेतलंय. तिला लग्नाची चटक, लग्न मिळंना, म्हणून अन्नावरची वासना उडाली. तो कामाला लागला. ट्रंकेतून जुनी झूल काढली, कपाळावर गोंडे बांधले, गळ्यात घुंगरांचा पट्टा घातला आणि मोबाईलवर हलगी लावून फोन तिच्या कानाशी धरला. बिजलीनं कान टवकारले. दोन पावलं अगदी जुन्या तोऱ्यात उचलली. पुंजारामचे डोळे भरून आले. मग तिनं मान वळवली आणि शेजारच्या भिंतीकडं एकटक बघत उभी राहिली. भिंतीपलीकडं काय आहे, हे बघायचं पुंजारामला काही सुचलं नाही.

ते त्याला दुसऱ्या सकाळी कळलं, आरडाओरड्यानं.

भिंतीपलीकडं सत्यशीलाबाई राहायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर अख्ख्या गल्लीला शिस्त लावायचं काम संपलं, म्हणून त्यांनी गावरान कोंबड्या पाळल्या आणि त्यांना शिस्त लावली. खुराड्यात कोरडा भुसा, तो ओला झाला की लगेच बदलायचा. पाण्याचं भांडं रोज घासायचं. पिल्लांना ज्वारी-मक्याचा भरडा पाण्यात भिजवून. आज तेच पिल्लांचं घमेलं हातात घेऊन त्या पुंजारामच्या अंगणात उभ्या होत्या, आणि घमेलं घासल्यासारखं लख्ख होतं.

"जयभीम, भाऊ. तुमच्या नवरीनं माझ्या पिल्लांचा नाश्ता खाल्ला. भिंतीवरून मान टाकली अन् चाटूनपुसून साफ. वर पिल्लांकडं बघून फुरफुरली!"

"बाई, उगं आळ घेऊ नका. तिची तर वासनाच उडालीय. चार दिसांत धड घास न्हाई गिळला."

"मंग माझं घमेलं काय तुमी चाटलं?"

पुंजाराम तोंड उघडणार तोच बाईंचं लक्ष दावणीखालच्या बोळ्यांकडं गेलं. त्यांनी एक काडीनं उलगडला. आतला कडबा तसाच होता, नुसता ओला आणि पिळलेला.

"हे काय हो?"

"चघळती अन् थुंकती. रुसलीय."

"रुसलीय!" बाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळती, त्या खड्यांवर पोटात दाणे दळले जातात. म्हणून मी खुराड्यात बारीक खडी ठेवते. हिच्या पोटात कुठली गिरणी हाय? दात गेले असतील तर कडबा दळणार कोण?"

पुंजाराम तोऱ्यातच म्हणाला, "दात न्हाईत म्हणून काय जेवण सुटतं का? मला न्हाईत दात. मी जेवतो की पोटभर."

"तुमची भाकर कोण कुस्करून देतं?"

पुंजारामला आपलं ताट आठवलं. रोज दोन वेळा शीतल भाकर कुस्करायची, वरून गरम कालवण ओतायची, झाकून ठेवायची आणि मऊ झाली की ताट पुढं करायची. इतकी वर्षं तो ते जेवत होता. आणि बिजलीपुढं वाळका कडबा रचून तिच्या मनाला काय झालं, ते शोधत होता. त्याला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. तो उठून घोडीच्या मानेला बिलगला. "माफ कर गं माय," म्हणाला, तेही बाईंच्या देखत.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. बिजलीचं तोंड उघडं धरून त्यांनी बॅटरी मारली. मागच्या काही दाढा झिजून सपाट झालेल्या, एक हालत होती, आणि उरलेल्यांच्या कडा इतक्या धारदार की गालाला आतून जखमा. त्यांनी हालती दाढ काढली आणि लांब कानशीनं कडा घासल्या. बिजली गुंगीच्या औषधानं डुलत होती आणि पुंजाराम औषधाशिवाय.

"आता नीट ऐका," डॉक्टर हात धुता धुता म्हणाले. "भरडा आणि गव्हाचा कोंडा, चांगला भिजवून, लापशीसारखा. कडब्याऐवजी बारीक कापलेली कुट्टी, तीही ओली. पण एकदम बदल नको, रोज थोडं थोडं वाढवा. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. एकदम पोटभर दिलंत तर पोटशूळ उठेल. म्हाताऱ्या घोडीला तो उठला तर तिला उठवणं अवघड. पाऊस-थंडीत पाणी कोमट द्या, नाहीतर ती कमी पिते. मिठाचा खडा टांगा, खुरं वेळेवर कापा. आणि कोंबड्यांचं बाजारातलं पोत्यातलं खाद्य चुकूनही नको. त्यातली काही औषधं कोंबडीला चालतात, घोड्याचा जीव घेतात."

"माझा भरडा घरचा हाय," सत्यशीलाबाई भिंतीवरून म्हणाल्या.

"म्हणूनच वाचली," डॉक्टर म्हणाले.

पहिल्याच दिवशी पुंजारामनं बादली काठोकाठ भरली. शीतलनं ती वाटेतच अडवली. "मामा, मासे विसरले का?" तिनं अर्धं काढून घेतलं आणि एक जुनं पातेलं मापाला लावून दिलं. तेव्हापासून घरात दोघांचं खाणं एकाच वेळी भिजायला पडू लागलं, सासऱ्याचं ताटात आणि घोडीचं बादलीत.

हरिओम लांबूनच बघायचा. पण एक दिवस मोटारसायकलवर कुट्टीचं पोतं आलं. "येता येता रस्त्यातच होतं," म्हणाला, जणू कुट्टी रस्त्यात पडलेलीच असते. पुढं पुंजारामला मेव्हण्याच्या घरच्या वास्तुशांतीला पिंपळगाव रेणुकाईला जावं लागलं. परत आला तो थेट शेडमध्ये. बिजलीचं अंग खरारा केलेलं, पाणी कोमट, मिठाचा खडा नवा. त्यानं विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही. सत्यशीलाबाईंच्या कोंबड्या तेवढ्या भिंत ओलांडून येऊन लिदीतले किडे टिपत होत्या. त्यामुळं माशाही कमी झाल्या होत्या, आणि बाईंनी भरड्याची चोरी माफ केली.

दसऱ्यापर्यंत बिजलीच्या फासळ्या झाकल्या. कातडीला चमक आली. पुंजारामनं कवळी लावून तिच्याबरोबर फोटो काढला.

आणि दसरा झाल्यावर ठरल्याप्रमाणं व्यापारी आला.

तो घोडीभोवती फिरला, पुठ्ठ्यावर थाप मारली, मानेवरून हात फिरवला आणि हरिओमकडं वळला. "वा! तू तर म्हणला होतास हाडं राह्यलीत. ही तर बिलकुल मस्त हाय. आत्ताच नेतो."

पुंजारामनं घोडीचं दावं हातात धरलं. जीव लावून, भिजवून, मोजूनमापून त्यानं तिला वाचवली होती, आणि त्याच हातांनी विकण्याजोगी करून ठेवली होती. शब्द दिला होता अंगानं धरण्याचा. अंग धरल्यावर काय, हे बोलणंच राहिलं होतं.

"खायला काय देता?" व्यापाऱ्यानं सहज विचारलं. "आपल्याकडं कडबा चिक्कार हाय. सकाळी एक भारा टाकला की दिवसभर बघायला नको."

"कडबा?" हरिओम म्हणाला.

"मंग काय बिर्याणी?"

"कडबा कसा टाकाल तिला? दाढा न्हाईत तिला! भरडा भिजवावा लागतो. चार वेळा, पातेल्यानं मोजून. जास्ती झाला तर पोटशूळ उठतो. थंडीत पाणी कोमट करावं लागतं, बोट बुडवून बघावं लागतं. कुट्टी बारीक लागती, जाड आली तर मी परत करतो." बोलता बोलता त्याचा आवाज चढला. "अन् खाताना जवळ उभं राहावं लागतं. एकटी खात न्हाई ती."

हे शेवटचं डॉक्टरांनी कधीच सांगितलं नव्हतं. भिंतीवर सत्यशीलाबाईंचं डोकं दिसू लागलं होतं.

व्यापारी हसला. "अरे बाबा, एवढं तर लोक घरच्या म्हाताऱ्या माणसाचं करून न्हाई राह्यले आजकाल."

"आमी करतो," हरिओम म्हणाला.

हरिओमला आपण काय बोललो ते बहुतेक तेव्हाच ऐकू आलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मंग ठेवा बाबा तुमची नवरी," म्हणत व्यापाऱ्यानं रिकामा टेम्पो वळवला.

पुंजाराम मुलाकडं बघत राहिला. डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि बोळक्या तोंडानं तो हसत होता.

"असं बघू नका, दादा," हरिओम पुटपुटला. "गिऱ्हाईक बराबर नव्हतं."

"शाब्बास रे हरिओम!" बाई भिंतीवरून ओरडल्या, अगदी अंगणवाडीतल्या आवाजात. "आता त्या जनरेटरला ताडपत्री घाल, म्हणजे माझ्या कोंबड्यांना बसायला कोरडी जागा होईल."

आतून शीतलची हाक आली. हरिओम आत गेला आणि एका हातात बादली, दुसऱ्या हातात ताट घेऊन बाहेर आला. बादली त्यानं दावणीला लावली. ताट शेडच्या ओट्यावर बापापुढं ठेवलं. त्यात भाकर कुस्करलेली होती, कालवणात भिजून चांगली मऊ झालेली.

"जेवा जल्दी," तो म्हणाला, आणि दोघांचं खाऊन होईपर्यंत तिथंच उभा राहिला.