सायकलची बैठक

माझ्या सासऱ्यांनी आमच्याबरोबर जेवणं बंद केलं ते एका ढेकरामुळे. ढेकर तसा साधाच होता, फक्त लांबला. मी भाजी वाढत होते, नवरा कधी नव्हे ते दुकानातलं काहीतरी सांगत होता. ढेकर संपायची वाट बघत तो थांबला, एवढंच. कुणी हसलं नाही की नाक मुरडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी ताट उचललं, "मी आपला मागे बसतो, तुमचं चालू द्या," म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले. त्यानंतर ते रोजच तिकडे जेवायला लागले.

मागची खोली म्हणजे त्यांची जुनी कामाची जागा. आमच्याकडे सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवायचं काम चालतं. अण्णांनी ते सुरू केलं, नवऱ्याने वाढवलं आणि मोठ्या रस्त्यावर जागा मिळाल्यावर दुकान तिकडे हलवलं. इतक्या लांब रोजची ये-जा अण्णांच्या जिवावर यायला लागली, म्हणून ते घरी राहिले. त्यांचं लांबलचक टेबल, कात्र्या, दाभणं, फोमचे तुकडे, रेग्झिनच्या गुंडाळ्या, सगळं मागच्या खोलीत तसंच पडून होतं. त्या पसाऱ्यात एका स्टुलावर बसून ते मांडीवर ताट घेऊन एकटे जेवायचे.

मला ते अजिबात सहन होईना. त्यात माझा स्वार्थही होता, तो कशाला लपवू? नवरा दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरी येतो आणि जेवताना तोंडाला कुलूप लावून बसतो. अण्णा मात्र रोज मला विचारायचे, "आज कुणाचं मशीन रुसलं?" घरगुती यंत्रांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची माझी नोकरी आहे. कुणाचा फ्रिज घोरतो, कुणाचा मिक्सर झाकण उडवतो. अण्णांना हे सगळं खुलवून सांगितल्याशिवाय माझा दिवस संपल्यासारखाच वाटायचा नाही. मला ते जेवणाच्या टेबलावर परत हवे होते.

चौकशा करणं हा माझा धंदा आहे आणि खोडही. मी कामाला लागले.

"अण्णा, आवाज कधीपासून येतोय?"

"कसला आवाज?"

"पोटातला. सतत येतो की फक्त जेवल्यावर?"

"अगं, मी काय वॉशिंग मशीन आहे?"

"वॉशिंग मशीन निदान लपवाछपवी करत नाही."

हसू आवरत नाही म्हटल्यावर ते बोलायला लागले. संध्याकाळी पोट फुगतं, सकाळी साफ होत नाही, ढेकर मधूनच येतात आणि कधी कधी नुसते ढेकरच येत नाहीत. शेवटचं सांगताना ते भिंतीकडे बघत होते. "सुनेसमोर बरं दिसतं का ते?" एवढं पुटपुटून त्यांनी विषय बदलला.

मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, तपासण्या करून घेतल्या आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या.

"दिवसभर करता काय?"

"बसतो," अण्णा म्हणाले.

"मग आतडीपण तुमच्यासारखीच बसून राहतात. पाणी प्या, सावकाश जेवा आणि हालचाल करा. रोज चाला."

चालायला अण्णा तयार नव्हते. काही काम नसताना रस्त्याने फिरणारा माणूस हरवल्यासारखा दिसतो असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग घरात एखादं साधन आणा. झालं, माझ्या डोक्याला भुंगा लागला. पोटासाठी कुठलं साधन चांगलं? पाय हलले की आतडी का हलतात? बसून केलेला व्यायाम पोटाला पोचतो का? कचेरीत शेजारच्या टेबलावरची मैत्रीण व्यायामाच्या यंत्रांच्या तक्रारी घेते. तिला मी इतकं पिडलं की तिने डबा उचलून दुसरीकडे बसायची धमकी दिली. ती म्हणाली, सगळ्यात जास्त तक्रारी ज्या यंत्रांच्या येतात, ती चांगली असं समज, कारण ती निदान वापरली तरी जातात.

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं व्यायामाच्या साधनांच्या दुकानात गेलो. ट्रेडमिलवर अण्णा चढले, पट्टा सरकायला लागला आणि त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. "हा रस्ता माझ्या अंगावर येतोय," ते ओरडले. उभं राहून कंबर फिरवायच्या चकतीवर त्यांना गरगरलं. वल्हवायचं यंत्र मला आवडलं होतं, पण त्यावर माणूस पुढे वाकतो तेव्हा पोट पार दुमडलं जातं.

"जेवल्यावर चालेल का हे?" मी विचारलं.

"लगेच नको," विक्रेता म्हणाला.

"लगेच म्हणजे? आणि उपाशीपोटी केलं तर जळजळ वाढेल का?"

"मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही, मी तक्रारी घेते."

तो एकदम अदबीने बोलायला लागला. शेवटी आम्ही सायकलींपाशी आलो. जागच्या जागी चालवायची, हलक्या वेगाने, पोट मोकळं ठेवून. माझ्या सगळ्या प्रश्नांना तिच्याकडे उत्तर होतं. कुठली घ्यावी हे विचारायला मी मागे वळले, तर बापलेकांनी एक सायकल आडवी पाडली होती आणि तिच्या बैठकीत अंगठे खुपसून दोघे उकिडवे बसले होते.

"फोम बघ, चिमूटभर घातलाय," अण्णा म्हणाले.

"आणि शिवण बघा. हात लावला तर उसवेल," नवरा म्हणाला.

"अहो, सायकलची बैठक अशीच असते," विक्रेता म्हणाला. दोघांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्या बिचाऱ्याला स्वतःचीच कीव आली असावी.

त्यांनी सगळ्या सायकलींच्या बैठका दाबून पाहिल्या आणि त्यातली सर्वांत वाईट निवडली, कारण ती स्क्रू काढून सहज उघडता येत होती. पॅडल कशी फिरतात हे दोघांनीही पाहिलं नाही. इतके प्रश्न विचारून झाल्यावर मीही तेवढंच विचारायचं विसरले. गादी मढवणाऱ्यांच्या घरात बैठक सुधारली की वस्तू सुधारली, असंच सगळ्यांना वाटतं.

सायकल मागच्या खोलीत आली आणि अण्णांनी त्याच दिवशी तिची बैठक काढून टेबलावर घेतली. मग काय, घरात ठकठक सुरू झाली. खाली बसून फोम कापायचा, उठून टेबलावर जुळवायचा, माळ्यावरून रेग्झिन काढायचं, टेबलाला फेऱ्या मारत ते चारी बाजूंनी ताणायचं, गुडघ्याखाली दाबून दाभणाने शिवायचं, मनासारखं नाही झालं की उसवून पहिल्यापासून सुरुवात. मी कामावरून आले की ते घामाघूम झालेले असायचे आणि स्वतःशीच गुणगुणत असायचे. एका संध्याकाळी ते ताट घेऊन आपणहून जेवणाच्या टेबलावर आले.

"आज पोट हलकं वाटतंय," म्हणाले. "सांग, कुणाचं मशीन रुसलं?"

मी सांगत सुटले. नंतर भांडी आवरताना मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, सायकलने कसा फरक पडला."

"तिच्यावर ते अजून बसलेत कुठे?" तो म्हणाला. "तिला बैठकच नाहीये."

बैठक झाली तेव्हा मात्र बघत राहावी अशी झाली. आम्ही आळीपाळीने बसून पाहिलं. मी बसले आणि मला उठावंसं वाटेना. फक्त ती आता इतकी जाड झाली होती की पाय पॅडलपर्यंत जेमतेम पोचायचे. अण्णा सकाळी वर्तमानपत्र घेऊन सायकलवर चढायचे, पॅडलवर पाय टेकवायचे आणि दुपारपर्यंत मजेत वाचत बसायचे. घरात आता आणखी एक खुर्ची झाली होती. त्यांचं पोट पुन्हा फुगायला लागलं आणि ताट पुन्हा मागच्या खोलीत गेलं. मला रडूच आलं.

कचेरीत एक प्रश्न आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो: शेवटचं नीट कधी चाललं होतं? तो मी अण्णांच्या बाबतीत स्वतःला विचारला आणि उत्तर लख्ख समोर आलं. सायकलला बैठक नव्हती तेव्हा.

म्हणजे अण्णांना काम हवं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो उखडला. "घरी ठेवलं ते त्यांना आराम मिळावा म्हणून. आता या वयात त्यांना राबवू? लोक तोंडात शेण घालतील." अण्णांना म्हटलं, आपल्या जेवणाच्या खुर्च्या नव्याने मढवा की. त्यांनी एक खुर्ची उलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. "चांगली शिवण उघडायची नसते," म्हणाले. त्यांचा तो नेमच होता. धडधाकट बैठकीला त्यांनी आयुष्यात कधी कात्री लावली नव्हती.

मग मीच लावली. अण्णा अंघोळीला गेलेले बघून मी एका खुर्चीच्या खालच्या अंगाची शिवण पात्याने उघडली. संध्याकाळी साळसूदपणे म्हणाले, "अण्णा, ही उसवली बघा." त्यांनी चष्मा लावला, खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत ठकठक सुरू झाली. ताट जेवणाच्या टेबलावर आलं. ती खुर्ची झाल्यावर मी दुसरी उसवली. माझ्या हुशारीवर मी भलतीच खूश होते.

तिसऱ्या खुर्चीच्या वेळी त्यांनी मला मागच्या खोलीतून हाक मारली.

"सूनबाई, इकडे ये. जरा बस."

ते जमिनीवर बसले होते, समोर उलटी खुर्ची. त्यांनी शिवणीतला दोरा चिमटीत धरून वर केला.

"शिवण आपोआप उसवली की दोरा झिजलेला असतो, त्याला बारीक तुसं येतात. हा सरळ कापलेला आहे."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मीच कापला," मी म्हणाले.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुम्ही काम करता तेव्हा तुमचं पोट बरं असतं," मी म्हणाले. "आणि पोट बरं असलं की तुम्ही आमच्यात जेवायला येता. म्हणून."

अण्णांनी दोरा खाली ठेवला. बोटांनी रेग्झिनची घडी सारखी केली, मग पुन्हा सारखी केली.

"आणि पोट बरं नसेल तेव्हा?"

डॉक्टरीणबाईंना, मैत्रिणीला, त्या विक्रेत्याला, सगळ्यांना मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं होतं. पण अण्णांचा हा एकच प्रश्न इतके दिवस स्टुलावर त्यांच्याबरोबर जेवत होता आणि त्याचं उत्तर त्यांना कुणीच दिलं नव्हतं.

"तेव्हापण या," मी म्हणाले. "कसेही आवाज येऊ देत. तुम्ही नसलात की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, अण्णा."

त्यांनी उलटी खुर्ची बाजूला सरकवली. बाहेरच्या खोलीत नवरा ताटं मांडत असल्याचा आवाज येत होता.

"आज बरं नाहीये," ते हळूच म्हणाले.

"चला," मी म्हणाले आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.