डावीकडे बंद

मी एक जुनी झडप आहे. या तालुक्याने महानगराला पाणी दिले आणि ते पाणी सांभाळणारी माणसे मी घडवली. निदान माझ्या अंगावर ठोकलेल्या पाटीवर तसे लिहिले आहे. मित्रांनो, माझ्या अंगातून आजवर पाण्याचा थेंब गेलेला नाही, आणि माझ्यावर हात बसवलेला एकही माणूस पाण्याच्या खात्यात लागलेला नाही. एवढे सोडले तर पाटी बरोबर आहे.

कागदोपत्री मला झडप म्हणतात, तोंडाने सगळे वॉल म्हणतात. डोक्यावर चाक, पोटात बिडाचे जाड दार. चाक फिरवले की दांडा फिरतो, दार खाली बसते आणि पाणी अडते. खात्यातल्या माझ्या सगळ्या बहिणी चाक उजवीकडे फिरवले की बंद होतात. माझ्या दांड्याचे आटे ज्या कारागिराने पाडले, त्याचे लक्ष त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीकडे होते. आटे उलटे पडले. मी डावीकडे बंद होते.

तपासनिसाने माझ्यावर लाल फुली मारली आणि मी गोदामात गेले. तिथे माझ्या अंगावर एका मांजरीची तीन बाळंतपणे झाली. मग एके वर्षी शहरात ठरले की ज्या गावांतून पाण्याच्या लाइनी जातात, तिथल्या तरुणांना शिकवून वॉलमन करावे. खर्डीच्या पुढे लाइनीच्या कडेला पत्र्याची एक शेड उभी राहिली. शिकवायला एक झडप पाठवा, असा हुकूम निघाला. चांगली झडप शिकवण्यात कोण वाया घालवील? गोदामवाल्याने माझी फुली निळ्या रंगाखाली झाकली आणि मला ट्रकवर चढवले. अशा रीतीने मी शिक्षणक्षेत्रात आले.

शिकवायला दामूमास्तर होते. ते आधी शहराच्या बागखात्यात गुलाबांवर देखरेख करत. गुडघे दुखू लागले म्हणून त्यांना पाणीखात्यात, बसायच्या कामावर पाठवले होते. त्यांच्या हातात एक छापील पुस्तक असे. पहिल्याच दिवशी त्यांनी वाचून दाखवले, "बंद करण्यासाठी चाक उजवीकडे फिरवावे," आणि चाक उजवीकडे फिरवले. दार वर गेले.

पुढच्या रांगेतला कमळू म्हणाला, "मास्तर, ह्यो तं उघडला."

हा कमळू जवळच्याच वाडीतला. सातवी शिकलेला, अंगाने काटक. मास्तरांनी पुस्तकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पुस्तक मिटले.

"पुस्तक कुठं छापलंय?"

"शहरात."

"आन् वॉल कुठं हाय?"

"हितं."

"मंग डोळ्याला दिसतंय त्यावर विश्वास ठेवायचा का छापल्यावर?"

कमळूने डोळ्यावर विश्वास ठेवला. मित्रांनो, तुम्हाला शाळेत हेच शिकवतात.

कमळूला या नोकरीची गरज होती, ती अशी. दरवर्षी दिवाळी झाली की तो, बायको गंगी आणि मुलगी रोशनी मुरबाडकडच्या वीटभट्टीवर जात आणि पाऊस आला की परत येत. रोशनीचे नाव वाडीच्या शाळेत होते, पण दिवाळीनंतर ती शाळेत नसे. चार वर्षे ती पहिलीत होती. वॉलमन झाला की माणूस बारा महिने गावात राहतो. एवढेच कमळूला हवे होते.

त्यामुळे तो शिकला, आणि फार मन लावून शिकला. पावसाळ्यात झडपेच्या खड्ड्यात गळ्याएवढे पाणी भरते, चाक दिसत नाही, हे त्याने कुणाकडून ऐकले होते. म्हणून तो डोळ्यांना फडके बांधून माझे चाक फिरवी. डावीकडे बंद, उजवीकडे चालू. गंगी डबा घेऊन यायची आणि दाराशी उभी राहून बघायची.

"येडा झालास का रे? आंधळी कोशिंबीर खेळतोस?"

"हात बसवतोय गो. डोकं इसरंल, हात नाय इसरत."

"आवंदा भट्टीला जायचं नाय ना मंग? रोशनीच्या बाईंना सांगू?"

"सांग."

तिने सांगितले. दामूमास्तरांनीही साहेबांना कळवले की या तुकडीत एक हिरा आहे.

त्याच तुकडीत आदेश नावाचा ठेकेदाराचा भाचा होता. तो एकदा आला, चहा प्याला, मोटारसायकलवर टेकून बसला आणि गेला. त्याने मला हात लावला नाही. हे त्याला पुढे फार कामी आले.

दिवाळीच्या तोंडावर परीक्षा झाली. ती बाहेर, खऱ्या लाइनीवर होती, त्यामुळे मी ती पाहिलेली नाही. शेडमध्ये नंतर जे बोलणे झाले त्यावरून सांगते. लाइनीतला गाळ ओढ्यात सोडायला एक छोटी वॉल असते. ती अर्धी उघडी ठेवली होती. समोर टेबल, टेबलावर कागद, मागे शहरातून आलेले साहेब. पहिला नंबर हिऱ्याचा.

"बंद कर," साहेब म्हणाले.

कमळूने डोळे मिटले आणि चाक झपकन डावीकडे नेले. पाण्याचा लोट दुप्पट झाला. त्याला वाटले, कमी फिरवला. त्याने आणखी फिरवले. टेबल आडवे झाले, कागद ओढ्याला लागले, आणि साहेबांच्या नव्या बुटांत पाणी शिरले. त्याच्या मागच्यांना वाटले, कमळूचा जोर कमी पडला. प्रत्येकाने त्याच्याहून जास्त जोर लावला. सगळे माझेच विद्यार्थी, सगळ्यांचे हात एका बाजूला बसलेले. शेवटी आदेशने सोड्याच्या बाटलीचे झाकण लावावे तसे चाक उजवीकडे फिरवले. पाणी थांबले. तो वॉलमन झाला.

दुसऱ्या दिवशी कमळू शेडमध्ये आला आणि त्याने माझे चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिले.

"मास्तर, वॉल उलटा हाय."

दामूमास्तरांनी आधी दार ओढून घेतले. "मला कालच कळलं."

"मंग साहेबाला सांगा ना."

"सांगतो. मंग साहेब इचारंल, आतापर्यंत किती जणांना उलटं शिकवलं? माझी दोन वर्सं राहिलीत, कमळू. तू एक कर. हितं डावीकडं फिरव, भायेर उजवीकडं. पुढच्या टायमाला तूच पास."

मित्रांनो, सल्ला वाईट नव्हता. गंगीने बोचके बांधले, रोशनीचे नाव पहिलीतच राहिले, आणि ती तिघे भट्टीवर गेली. पाऊस सुरू झाल्यावर कमळू परत आला, पुन्हा माझ्यावर शिकला आणि संध्याकाळी घरी जाऊन पाण्याच्या हंड्याचे तोंड धरून उजवीकडचा हात बसवत राहिला. दोन दिशा दोन खिशांत ठेवल्यासारख्या त्याने सांभाळल्या. असा विद्यार्थी मला त्याआधी आणि त्यानंतर मिळाला नाही.

दुसरी परीक्षा आली. बुटांचा अनुभव ध्यानात घेऊन साहेबांनी या वेळी ती कोरड्या जागी ठेवली होती, म्हणजे शेडमध्ये, माझ्यावर. मदतीला वॉलमन आदेश होता. साहेब टेबलापाशी बसले, समोर पुस्तक उघडून. माझे दार त्यांना तिथून दिसत नव्हते, पण दिसण्याची त्यांना गरजही नव्हती.

"बंद कर."

कमळूने चाकाला हात घातला आणि काढला.

"साहेब, ह्याच्यासारखा बंद करू का खऱ्यासारखा?"

"बंद म्हणजे बंद."

कमळूने मास्तरांकडे पाहिले. मास्तर पत्र्याकडे बघत होते. त्याने चाक डावीकडे फिरवले. माझे दार व्यवस्थित खाली बसले, आवाजसुद्धा छान आला.

साहेबांनी पुस्तकावर बोट ठेवले. "दिशा चुकली."

"दार पडलंय साहेब. येऊन बघा ना."

"परीक्षा दाराची नाही, तुझी आहे."

आदेश हसला. "उजवीकडं असतं रे कमळू. मी तं पयल्याच दिवशी फिरवला."

"मंग हा वॉलच उलटा हाय," कमळू म्हणाला. आवाज चढवून नाही, नाव सांगावे तसे.

साहेब मास्तरांकडे वळले. "झडप उलटी आहे?"

"दर महिन्याला तेल देतो साहेब," मास्तर म्हणाले.

साहेब माझ्यापर्यंत आले. एकदा चाक फिरवले असते तरी सगळे कळले असते. पण तेल मनगटापर्यंत लागले असते, आणि शर्ट पांढरा होता. ते परत जाऊन बसले. कमळूच्या नावापुढे फुली पडली. या वेळी ती झाकायला कुणाकडे रंग नव्हता.

अहवालात लिहिले गेले की स्थानिक उमेदवारांना यंत्राची उपजत जाण नाही, सबब प्रशिक्षणाचा काळ दुप्पट करावा. तो झाला. पुढच्या तुकडीत कमळूचे नाव मात्र आले नाही, तो वयात बसत नव्हता. गंगीने शेडच्या दारात येऊन एकदाच विचारले, "मंग बाईंना काय सांगू?" मास्तर माझ्या चाकाला तेल देऊ लागले. ती बोचके बांधायला गेली. रोशनीला त्या वर्षापासून भट्टीवर विटा थापायला घेतले. तिचा हात लवकर बसला म्हणतात.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात. मला फार जपले गेले. तेल चुकले नाही, दसऱ्याला झेंडूची माळ चुकली नाही, आणि दामूमास्तरांच्या निरोप समारंभात माझ्यावर ती पाटी ठोकून त्यांचा फोटो माझ्या चाकावर हात ठेवून काढला. माणसांच्या बाबतीत काय करावे ते मला सांगता येणार नाही. मी बिडाची आहे.

आदेशने त्या दुसऱ्या परीक्षेनंतर चार महिन्यांत नोकरी सोडली. बूट ओले होतात म्हणाला. त्यानंतर लाइनीवरच्या झडपांना विजेच्या मोटारी बसल्या. आता एक बटण दाबले की झडप बंद होते, दुसरे दाबले की उघडते. बटण दाबायला ठेकेदार बाहेरून माणूस आणतो. त्याला प्रशिक्षणाची अट नाही.