घासायची नाणी

आमच्या घरात वर्गणी द्यायची की नाही, हे मी ठरवते. देवळाची असो, वाचनालयाची असो, वाडीतल्या भजनी मंडळाची असो; कोणाला किती द्यायचे आणि कोणाला चहा पाजून परत पाठवायचे हे एकदा मी सांगितले की त्यावर घरात चर्चा होत नाही. एकाच वर्गणीवर माझे आयुष्यभर काही चालले नाही. ती ह्यांच्या नाणेसंग्राहक मंडळाची.

श्रावणात ह्यांचे वर्षश्राद्ध झाले. आश्विन लागला आणि मंडळाचे अध्यक्ष सत्यवान परुळेकर यांचा फोन आला. बोलणे अदबशीर होते. गेल्या वर्षी मंडळाने ह्यांची वर्गणी मागितली नव्हती. आता नियमाप्रमाणे घरातल्या कोणी तरी सभासदत्व पुढे चालवावे, नाही तर ह्यांचे नाव पटावरून उतरवावे लागेल. वर्षाला बाराशे रुपये. येत्या रविवारी ओरोसला बैठक आहे, तेव्हा निर्णय कळवावा.

नाव उतरवावे लागेल, हे मला लागले. बाराशे रुपयेही लागले.

रात्री जेवताना मी विषय काढला. माझा मुलगा यज्ञेश सरकारी कचेरीत आहे. त्याला प्रत्येक गोष्टीचे उत्तर मोबाइलमध्ये सापडते.

"आई, आता त्या मंडळाक काय अर्थ आसा?" तो म्हणाला. "सगळी नाणी हय दिसतत. किमतीसकट."

"आणि बाबांची नाणी तुमी थोडीच विकतल्यात?" ताटात सोलकढी वाढता वाढता सूनबाई, गौरजा, म्हणाली. आमच्या घराच्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते, त्यामुळे खर्च आणि परतावा तिला चांगला कळतो. "न विकणाऱ्यान बाराशे भरून काय करूचा?"

दोघांचेही म्हणणे चुकीचे नव्हते, आणि म्हणूनच मला ते आवडले नाही.

"मंडळाने ह्या घराला काय दिलं ते मी स्वतः जाऊन बघेन," मी म्हणाले. "दिलं असेल तर भरीन. नसेल तर त्यांच्या तोंडावर तसं सांगून येईन."

यज्ञेशने मोबाइल खिशात ठेवला.

मंडळाने आम्हांला काय दिले, हा प्रश्न मी ह्यांनाही अनेकदा विचारला होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन सकाळच्या गाडीने कसालमार्गे ओरोसला जात. शाळेत गणित शिकवणारा माणूस, एरवी पै-पैचा हिशेब सांगणारा. ह्या एका दिवशी मात्र हिशेब बंद. संध्याकाळी परत येत तेव्हा खिशात वर्तमानपत्राची एक पुडी असे. तीत काय, तर झिजलेले ढबू पैसे, कडा गेलेले आणे, कधी गोव्याकडचे एखादे फिरंगी नाणे, तेही असे की त्यावर राजा होता की राणी हे सांगणे कठीण.

"एवढी वर्गणी भरून ह्यो कचरो हाडलात?" मी विचारी.

"तुझ्या हाताखालसून गेलो की कचरो ऱ्हवाचो नाय," हे म्हणत, आणि चपला काढून पाय धुवायला विहिरीवर जात.

ह्यात अर्थ होता. माझे माहेर वेंगुर्ल्याचे. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तबकात नाणी मांडतात, आणि काळे नाणे लक्ष्मीपुढे जात नाही, ही रीत. लग्न होऊन मालवणात आले तेव्हा ह्या घरात नाण्यांचा डबा होता, पण ती धुण्याची पद्धत नव्हती. ती मी सुरू केली. आदल्या रात्री कोकमाची सोलं भिजत घालायची. सकाळी मागच्या दारी विहिरीच्या कट्ट्यावर बसायचे, सोलांचा आंबट कोळ, मीठ आणि नारळाच्या काथ्याच्या सोडणांची राख घेऊन एकेक नाणे घासायचे, ते थेट उन्हात चमकेपर्यंत. घासता घासता वेंगुर्ल्याची जुनी गाणी आपसूक तोंडात येत. एरवी मी गाणारी बाई नव्हे. एवढ्या मोठ्या घराचा गाडा हाकताना गाणे कोणाला सुचते?

पहिल्या दिवाळीची सकाळ मला स्वच्छ आठवते. हे बाजारातून झेंडूची फुले घेऊन आले. मी डब्यातली सगळी नाणी घासून सुपात वाळत घातली होती. त्यांत लग्नाआधीपासून ह्यांनी जमवलेल्या जुन्या तांब्याच्या शिवराया होत्या; वर्षानुवर्षांच्या काळ्या पडलेल्या शिवराया मी नव्या घागरीसारख्या लालबुंद करून ठेवल्या होत्या. हे सुपाशी उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. मग पायरीवर बसले आणि पाणी मागितले. तांब्याभर पाणी एका दमात प्यायले.

"बरी झाली हत," हे अखेर म्हणाले. "खूप मेहनत घेतलंस."

बायकोच्या कष्टांची जाण ठेवणारा नवरा मिळाला, ह्याचे त्या दिवशी मला मोठे समाधान वाटले.

त्यानंतर दरवर्षी मी नाणी घासायला बसले की हे वर्तमानपत्र घेऊन मागच्या पडवीत येऊन बसत. पान उलटल्याचा आवाज फारसा येत नसे. पाडव्याला मी तबकातले एकेक लखलखीत नाणे घरातल्या आणि वाडीतल्या लेकी-सुनांच्या हातावर ठेवी. तबक जवळजवळ रिकामे होई आणि पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा भरे. गेल्या वर्षी सण नव्हता. विहिरीच्या कट्ट्यावर मी बसले नाही. ह्यांच्या बाकीच्या वस्तू हळूहळू कोणाकोणाला दिल्या. पडवीतल्या आरशाखालचा दाढीच्या सामानाचा पत्र्याचा डबा तेवढा होता तिथेच राहिला. पुरुषांच्या दाढीच्या सामानाला बायकांनी हात लावू नये, हे मला लहानपणी शिकवले गेले आहे, आणि शिकवलेले मी सहसा विसरत नाही.

रविवारी गौरजा माझ्याबरोबर निघाली. दोन वर्षांपूर्वी घासलेली, तबकात उरलेली नाणी मी रुमालात बांधून घेतली होती.

"ही कित्याक घेतलात?" गाडीत बसल्यावर तिने विचारले.

"किंमत काढून घेवक. मंडळामुळे आलेली नाणी आहेत. किती मोलाची ते कळलं की बाराशेचा निकाल लागला."

"आणि मोल कमी निघाला तर?"

"तर चाय पिऊन परत येवया."

"बसभाडा पण धरतल्यात हिशोबात?"

"माका फुकट आसा. तुझा अर्धा तिकीट धरतंय."

ती खिडकीकडे तोंड करून हसली. हसू दे. माझ्यासमोर हसायचे धाडस असलेली घरात ती एकटीच आहे.

बैठक सरकारी वसाहतीजवळच्या एका वाचनालयात होती. टेबलांवर नाण्यांचे अल्बम उघडे होते आणि दहाबारा माणसे भिंगे घेऊन त्यांवर वाकली होती. मी आत पाऊल टाकले तशी सगळी उभी राहिली.

"गुरुदास सरांच्या पत्नी," कोणी तरी म्हणाले, आणि मग सगळीकडून तेच नाव ऐकू येऊ लागले. गुरुदास सर असे म्हणायचे, गुरुदास सर इथे बसायचे. ते नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतले नाही. इतक्या जणांच्या तोंडून एकाच वेळी ऐकले आणि मला खुर्ची घ्यावी लागली.

सत्यवान परुळेकर म्हणजे कोषागारातून निवृत्त झालेले सडपातळ गृहस्थ. मी वेळ न घालवता रुमाल सोडला आणि नाणी त्यांच्यापुढे पसरली. दिव्याखाली ती अशी झळकली की मला अभिमान वाटला.

"ह्यांची किंमत सांगा," मी म्हणाले.

त्यांनी एक नाणे दोन बोटांनी कडेला धरून उचलले. भिंग मात्र उचलले नाही. नाणे पुन्हा खाली ठेवले.

"वहिनी, ही... फारच स्वच्छ आहेत."

शेजारच्या टेबलावरून एक जाडजूड गृहस्थ वाकून पाहू लागले आणि त्यांना हसू आवरेना. "अरे, ही तर सरांची घासूची नाणी," ते म्हणाले.

"तुकाराम," परुळेकर दबक्या आवाजात म्हणाले, "गप ऱ्हव."

"ते गप राहणार नाहीत," मी म्हणाले. "घासायची नाणी म्हणजे काय ते मला आत्ता सांगा."

तुकारामांचे हसू मावळले. त्यांचे कसालच्या बाजारात भांड्यांचे दुकान आहे. जुनी तांब्यापितळेची भांडी ते मोडीत घेतात, आणि त्या मोडीत कधी कधी जुनी नाणी येतात. त्यांनी परुळेकरांकडे पाहिले. परुळेकरांनी चष्मा काढून पुसला.

"नाण्यावरचा काळेपणा म्हणजे त्याचं वय असतं, वहिनी," परुळेकर म्हणाले. "आम्ही तो जपतो. आंबटाने घासलं की तो जातो, अक्षरंही पुसट होतात. मग संग्राहक अशा नाण्याला हात लावत नाहीत."

"म्हणजे किंमत?"

"धातूची."

"मी वजनावर घेतंय तसली," तुकाराम म्हणाले, आणि लगेच, "माफ करा हां, वहिनी."

गौरजा माझ्याकडे बघत नव्हती. मला आमच्या मागच्या दारातले सूप दिसत होते, लालबुंद शिवराया दिसत होत्या, आणि पायरीवर बसून तांब्याभर पाणी पिणारा तरुण मास्तर दिसत होता.

"मला कधी एका शब्दाने सांगितलं नाही," मी म्हणाले.

"सांगूचा लागू नये म्हणान तर ते हय येवक लागले," तुकाराम म्हणाले. ते आता खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले होते. "पहिल्याच बैठकीत सर उभे ऱ्हवले. माका वाटला, एखादो दुर्मीळ रुपयो मागतले. तर म्हणतत कसे, कोणाकडे झिजलेली, बिनकामाची नाणी आसत काय? माझ्या घरात दिवाळीक नाणी घासतत, आणि पाडव्याक वाटून टाकतत. दरवर्षी नवी लागतत. आमी सगळे हसलो. मी म्हटलंय, सर, वहिनींका सांगून टाका, घासू नको म्हणान. सोपा आसा."

"मग?"

तुकाराम थोडे घुटमळले. "मग सर म्हणाले, ती घासताना गाता. वर्षातसून तेवढ्याच दिवशी गाता. सांगलंय तर बंद करीत."

कोणी तरी अल्बमचे पान उलटले.

"तेव्हापासून मोडीत तसली नाणी इली की मी बाजूक ठेवतंय," तुकाराम म्हणाले. "हे सगळे ठेवतत. सर पैसे देवक बघीत. आमी घेवक नाय."

"त्यांचा खरा संग्रह तुमच्या घरीच आहे," परुळेकर म्हणाले. "कुठे ते आम्हांला माहीत नाही. सर एवढंच सांगायचे, लीला जिथे कधी फडकं फिरवत नाही अशी घरात एकच जागा आहे."

ती जागा कोणती हे मला त्याच क्षणी कळले. पण ते त्या सभेत सांगण्यासारखे नव्हते.

मी पर्स उघडली. "वर्गणी घ्या," मी म्हणाले.

"वहिनी, घाई नाही. नियम फक्त—"

"नियम मला कळला आहे. नाव उतरवायचं नाही."

त्यांनी अर्ज काढला. माझे नाव विचारले, मी सांगितले. मग त्यांचे पेन थांबले. त्यांना ते ठाऊक होते, पण विचारण्याची रीत असते.

"पतीचं नाव?"

गौरजा पुढे झाली. अशा वेळी घरात नेहमी तीच सांगते. मी तिला हाताने थांबवले आणि साडीचा पदर नीट केला.

"गुरुदास," मी म्हणाले. "गुरुदास अनंत कोचरेकर."

पावती फाडून होईपर्यंत तुकाराम आपल्या पिशवीत काही शोधत होते. त्यांनी वर्तमानपत्राची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. कागद पिवळा पडला होता.

"गेल्या दिवाळीची आसा," ते म्हणाले. "सर गेले ता ठाऊक होता. पण नाणी इली, तशी हाताक सवय म्हणान ठेवली बाजूक. मगे टाकूक जमला नाय."

परतीच्या गाडीत गौरजा कसाल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, तुमी गातात ता माका पण आवडता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी ऱ्हवतंय तेव्हा."

"कामं टाकून?" मी विचारले.

"कामं टाकून."

घरी पोचल्यावर मी पडवीत गेले आणि आरशाखालचा डबा उतरवला. वर ब्रश, साबणाची वडी, गंजलेले पाते. खाली कापसात गुंडाळलेल्या काळ्या शिवराया, एकेक वेगळी, आणि कधीही न घासलेली काही चांदीची नाणी, ढगाळ आभाळाच्या रंगाची. पहिल्या दिवाळीनंतर ह्यांनी पुन्हा शून्यातून सुरुवात केली होती, माझ्या नाकासमोर, रोज सकाळी दाढी करता करता. माझा हात सवयीने पदराकडे गेला, पुसायला. मी तो मागे घेतला, कापूस होता तसा लावला आणि डबा जागेवर ठेवला.

यज्ञेश कामावरून आल्यासारखा थकून सोफ्यावर बसला होता, रविवार असूनही. "काय ठरला? मिळाला काय बाराशेचा मोल?"

"दाढीच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. "मीसुद्धा. आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळची गाडी किती वाजता सुटते ते तुझ्या मोबाइलात बघून ठेव."

मग मी गौरजाला हाक मारली आणि दिवाळीसाठी सोलं पुरेशी आहेत का ते बरणीत बघायला सांगितले. तिने बघितले. कमी होती. शेजारून आणून ठेव, मी म्हटले, ह्या वर्षी नाणी जास्त आहेत.