घोरण्याची युक्ती

आईनं त्याच्या पायाचा अंगठा पुन्हा ओढला.

"झोपलास का रे?"

"झोपलो होतो," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"बरं, बरं, झोप मग. कात्री शोधत होते."

कात्री तिच्या हातातच होती.

बेकरीत पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून आलेल्या माणसाला दुपारची झोप म्हणजे जीव की प्राण. पण धाकटा भाऊ गेल्यापासून या घरात डोळा लागणं हा गुन्हाच झाला होता. जेमतेम बाविशीचा, धडधाकट पोरगा. जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. हृदयाचे ठोके एकाएकी चुकतात, तरण्याताठ्यांचेही चुकतात, असं डॉक्टर म्हणाले. मग मोठ्याला तपासून त्यांनी ठणठणीत ठरवलं. आईला ते पटलंही. फक्त तो झोपला की पटेनासं व्हायचं.

परवा पेंगता पेंगता त्यानं पावांची अख्खी खेप करपवली.

"पुन्हा असं झालं, तर घरीच झोपा," मालक कडाडले.

"घरीच तर झोपू देत नाहीत हो!"

सगळी बेकरी हसली, पण नोकरी जायची वेळ आली होती. तेव्हा त्याला ही नामी युक्ती सुचली. घोरायचं! घोरणारा माणूस जिवंत आहे की नाही, हे बघायला कोण कशाला येतंय?

"अगं बाई, पाण्याचा पंप चालू झाला की काय?" पहिल्या दिवशी बायको तोंड दाबून खिदळली.

पण युक्ती चालली. घोरणं ऐकून पलीकडच्या खोलीत आई निर्धास्त आडवी व्हायची, आणि तिचा डोळा लागला की हाही खुशाल झोपायचा. आठवडा मजेत गेला. पावही छान फुगले.

मग एका दुपारी आई येऊन त्याच्या पायांशी बसली. तो जोरात घोरू लागला.

"जरा हळू," ती म्हणाली. "आणि शेवटची शिट्टी राहिली."

त्यानं एक डोळा उघडला.

"लबाडा, तू कधी घोरलास रे? पाळण्यात होतास तेव्हापासून आवाज न करता झोपतोस. हे घोरणं त्याचं आहे."

त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. लग्न होईपर्यंत दोघे एकाच खोलीत झोपले. यानं उशा फेकल्या, शिव्या घातल्या, तरी धाकट्याची गाडी थांबली नाही. दुसरं घोरणं याला येणार तरी कुठून? त्याला एकदम रडूच फुटलं.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. आई आहे मी." ती चक्क हसत होती. "आता रडतोस काय वेड्यासारखा? चालू दे की. मला छान झोप लागते."

त्यानं नाक पुसलं, डोळे मिटले आणि शिट्टीसकट घोरायला लागला. थोड्या वेळानं आईची मान भिंतीला टेकली, तोंड किंचित उघडं पडलं.

आता थांबायला हरकत नव्हती. पण तो घोरतच राहिला.