सातनं गुणल्यावर

ताईंनी जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. त्यांचा धाकटा भाऊ बापू शाळेत गणितात कसाबसा काठावर तरला, तोही ताईंनी कान पिळून बसवला म्हणून. आता तोच बापू कोट घालून ‘आकडे आणि आयुष्य’ या विषयावर व्याख्यानं देत हिंडत होता. भावजयीनं फारच गळ घातली, म्हणून ताई एकदा पहिल्या रांगेत येऊन बसल्या, नाक मुरडूनच.

बापूनं फळ्यावर १४२८५७ लिहिलं. दोननं गुणलं, २८५७१४ आले. तीननं गुणलं, ४२८५७१ आले. सहापर्यंत तेच आकडे, नुसते फिरून पुढेमागे बसलेले.

“संकटानं कितीही गुणलं तरी ही संख्या स्वतःला हरवत नाही,” बापू हात पसरून म्हणाला. “तुम्हीही हरवू नका.”

टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. एक भागिले सात या अपूर्णांकाच्या दशांशातल्या आकड्यांसाठी रडणारं माणूस ताई पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांना कीव आली नाही, शिसारी आली.

“सातनं गुण,” त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.

बापूचा खडू थांबला. सहाच्या पुढं तो कधी गेलाच नव्हता. शेवटी त्यानं गुणाकार मांडला. उत्तर आलं ९९९९९९.

“हरवली की रे तुझी संख्या,” ताई म्हणाल्या.

बापूनं ताईंकडं पाहिलं, मग लोकांकडं. “ही माझी थोरली बहीण,” तो म्हणाला. “मोठ्यांचा हात लागला की सगळे आकडे वाढून नऊच नऊ होतात, बघा.”

आता तर लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

बाहेर गाडीपाशी भावजय दार उघडत असताना बापूनं हळूच विचारलं, “ताई, पण नऊच का गं येतात?”

असा प्रश्न त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता. ताईंनी गाडीच्या काचेवरच्या धुळीत बोटानं एक भागिले सात मांडलं. “ही बाकी बघ. तीन, दोन, सहा, चार, पाच आणि पुन्हा एक. सातनं भागताना एक ते सहाशिवाय दुसरी उरणारच कुठली? म्हणून भागाकारात तेच आकडे गोल फिरतात. दोननं गुणलंस की फेरी दोन बाकीपासून सुरू होते, एवढंच. सात सप्तमांश म्हणजे एक, आणि ही फेरी तो एक शून्य पूर्णांक नऊ, नऊ, नऊ असा नवांनीच लिहिते.”

बापू काचेकडं बघत राहिला. “हे तर त्याहून भारी आहे गं.”

ताईंना क्षणभर बरं वाटलं.

“म्हणजे शेवटी बाकी आपल्या मूळ घरी परत येते,” बापू म्हणाला. “पुढच्या व्याख्यानात हेच घेतो. लोक ढसाढसा रडतील.”

ताईंनी तळहातानं काच पुसली आणि भावजयीला म्हणाल्या, “मला रिक्षा बघ.”